पन्हाळगड ते पावनखिंड पदभ्रमंती : वाटेवरचे पाणी पिण्यायोग्य कसे करावे?

करवीर_शिक्षक यांनी विचारले :

नमस्कार. मी कोल्हापुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो. १६६० सालच्या जुलैमधील त्या रात्रीच्या स्मरणार्थ पन्हाळगड ते पावनखिंड अशी जी पदभ्रमंती दरवर्षी पावसाळ्यात असंख्य मंडळी करतात, ती यंदा आमचे विद्यार्थी आणि शिक्षक मिळून सुमारे चाळीस जण करणार आहोत. मार्ग नेहमीचाच आहे : राजदिंडीतून उतरून म्हाळुंगे, मसाई पठार, खोतवाडी, करपेवाडी, मग आंबेवाडीला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी पांढरपाण्यावरून खिंडीकडे. भोजन, मुक्काम आणि परतीची गाडी यांची व्यवस्था झाली आहे. पाण्याबाबत मात्र आमच्या बैठकीत एकमत होत नाही.

आमचे एक ज्येष्ठ सहकारी तरुणपणापासून हा मार्ग चालत आले आहेत. त्यांचे म्हणणे असे की, आषाढात तिकडे पावलोपावली पाणी असते, वाहते पाणी कधी नासत नाही आणि वाड्यावस्त्यांवरची माणसे पिढ्यानपिढ्या तेच पाणी पीत आली आहेत. याउलट पालकांचा आग्रह असा आहे की, संपूर्ण दोन दिवस केवळ सीलबंद बाटल्यांचेच पाणी द्यावे. माणशी तीन लिटर धरले तरी दोन दिवसांत २४० लिटर पाणी होते. एवढ्या बाटल्या वाहायच्या कोणी आणि रिकाम्या झाल्यावर त्या पठारावर पडणार नाहीत याची हमी द्यायची कोणी, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. तिसरा पर्याय म्हणून गाळणी बसवलेल्या बाटल्या घेण्याचा विचार आहे, परंतु चाळीस जणांसाठी तो खर्च महाविद्यालयाला पेलणारा नाही.

वाहत्या पाण्यावर कितपत विसंबावे, उकळणे, क्लोरीनच्या गोळ्या आणि गाळणी यांपैकी या मार्गावर आणि या ऋतूत काय खरोखर उपयोगी पडते, आणि मोठ्या गटासाठी हे सर्व प्रत्यक्षात कसे जमवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर सांगावे. सोबत सोळा-सतरा वर्षांची मुले आहेत आणि त्यांची जबाबदारी माझ्यावर आहे, त्यामुळे अंदाजावर काहीही सोडण्याची माझी तयारी नाही.

सह्यवाट यांचे उत्तर :

सर, नमस्कार. आपण निघण्याआधी विचारले हे फार बरे केले. या मार्गावर गट घेऊन जाणाऱ्यांपैकी बहुतेक जण पावसापासून बचाव कसा करायचा याचा विचार करतात आणि पाणी मात्र मिळेल तिथे भरून घेतात.

वाहत्या पाण्याविषयी प्रथम सांगतो. पाणी वाहते आहे एवढ्यावरून ते शुद्ध ठरत नाही. ते कोठून वाहत आले, हे पाहावे लागते. मसाई पठार हा जांभ्या खडकाचा सडा, म्हणजे सपाट उघडा कातळ आहे. पावसाळ्यात त्यावर हिरवे गवत येते आणि आसपासच्या गावांची जनावरे तिथे चरायला येतात. पठारावर पडणारा पाऊस शेण-मुतासह वाहत कडेला येतो आणि खालच्या ओढ्यांना मिळतो. पठाराच्या कडेखाली जे झरे फुटतात ते ओढ्यांपेक्षा चांगले, हे मान्य आहे. परंतु जांभ्यात भेगा, पोकळ्या आणि नळ्या पुष्कळ असतात. जाड मातीच्या थरातून पाणी सावकाश पाझरताना जसे गाळले जाते, तसे भेगांतून भराभर उतरताना गाळले जात नाही. त्यामुळे खडकातून आलेला झरा डोळ्यांना स्फटिकासारखा दिसला तरी ते पाणी शुद्ध करूनच प्यावे. वाडीतले लोक पितात, हा युक्तिवादही मुलांना लागू होत नाही, कारण शरीराला एखाद्या पाण्याची सवय असणे आणि ते पाणी निर्धोक असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय वाड्यांवरची लहान मुले पावसाळ्यात जुलाबाने आजारी पडतातच, ते आपल्याला एका रात्रीच्या मुक्कामात दिसत नाही.

निवड करायचीच झाल्यास क्रम असा ठेवावा. वाडीतील नळयोजनेचे किंवा झाकलेल्या विहिरीचे पाणी सर्वांत आधी, त्यानंतर खडकातून थेट बाहेर पडणारा जिवंत झरा आणि ओढा अगदी शेवटी. डबक्याला हात लावू नये. भातखाचरांतून किंवा उसाच्या शेतांतून आलेले पाणी कोणत्याही परिस्थितीत घेऊ नये, कारण त्यात तणनाशके आणि कीटकनाशके असू शकतात आणि ती उकळून जात नाहीत, क्लोरीननेही जात नाहीत. उकळताना तर पाणी आटते आणि ती अधिक घट्ट होतात.

आता व्यवस्थेकडे येतो. माझ्या मते आपल्या गटासाठी मुख्य आधार उकळलेले पाणीच असावे, कारण मुक्कामाच्या ठिकाणी आपला स्वयंपाक होणारच आहे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तशीच राहू दिली की जंतू, विषाणू आणि परजीवी असे सर्व मरतात. समुद्रसपाटीपासून २००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर तीन मिनिटे उकळावे असे सांगितले जाते, पण महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर असलेले कळसूबाईच मुळी १६४६ मीटर आहे, तेव्हा आपल्याकडे कोणत्याही गडावर एक मिनिट पुरते. दहा-पंधरा मिनिटे उकळत ठेवून इंधन जाळण्याची गरज नाही.

इंधनाचा हिशेबही सांगतो, कारण बैठकीत तोच प्रश्न निघेल. शंभर लिटर पाणी उकळायला पातेल्यावर झाकण असेल आणि शेगडी आडोशाला असेल तर साधारण दीड ते दोन किलो गॅस लागतो. म्हणजे पाच किलोच्या लहान सिलिंडरमध्ये दुसऱ्या दिवसाचे सर्व पाणी आरामात उकळून होते. खरी अडचण पाणी निवण्याची असते. वीस-तीस लिटरचे पातेले निवायला कित्येक तास लागतात, म्हणून संध्याकाळी पोहोचल्याबरोबर आधी पाणी चढवावे आणि स्वयंपाक नंतर करावा. रात्रभर झाकून ठेवलेले पाणी पहाटे बाटल्यांत भरता येते.

पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरूनच तीन लिटर घेऊन निघावे. ओझे तीन किलोचे होते, परंतु ते दर तासाला हलके होत जाते. पावसाळ्यात तहान लागत नाही म्हणून मुले पाणी पीत नाहीत आणि दुपारी पायात गोळे येऊन बसतात, याकडे लक्ष ठेवावे. याप्रमाणे केले तर वाटेत पाणी भरण्याचा प्रसंग फक्त अडीअडचणीपुरताच उरतो, आणि त्यासाठी दोन-तीन शिक्षकांजवळ गाळणी आणि क्लोरीनच्या गोळ्या असल्या की पुरे. चाळीस गाळणीबाटल्यांची आवश्यकता नाही.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. वस्त्यांवर आता थंड पाण्याचे जार मिळतात, परंतु उघडझाप करता येणाऱ्या तोंडाचा जार हे सीलबंद पाणी नव्हे. ते भरताना काय केले गेले, हे आपल्याला कळायला मार्ग नसतो.

पाणी_परीक्षक यांचे उत्तर :

नमस्कार सर. मी पाणी तपासणाऱ्या एका शासकीय प्रयोगशाळेत नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. सह्यवाट यांनी सांगितलेली व्यवस्था उत्तम आहे. गाळणी आणि क्लोरीन यांविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिते, कारण ही दोन साधने काय करतात आणि काय करत नाहीत, याविषयी पदभ्रमंती करणाऱ्यांमध्ये मोठा गैरसमज आढळतो.

पाण्यातून येणारे रोगकारक आकाराने फार वेगवेगळे असतात. जिआर्डिया या परजीवीची कवचधारी अवस्था साधारण ८ ते १२ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या परजीवीची ४ ते ६ मायक्रॉनची, तर विषमज्वर, पटकी किंवा हगवण यांचे जंतू एक-दोन मायक्रॉनच्या आसपास असतात. बाजारात मिळणाऱ्या पोकळ तंतूंच्या चांगल्या गाळणीची छिद्रे ०.१ मायक्रॉनची असतात, त्यामुळे हे सर्व त्यात अडकतात. परंतु काविळीचा हिपॅटायटिस ए हा विषाणू केवळ ०.०२७ मायक्रॉनचा आहे आणि हिपॅटायटिस ई त्याच्याच जवळपास. ते या गाळणीतून सहज पार होतात. उंदीर आणि जनावरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा लेप्टोस्पायरा हा जंतू तर इतका बारीक आणि मळसूत्रासारखा असतो की, प्रयोगशाळेतील ०.२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निघून जातो. पावसाळ्यातील कोल्हापूर जिल्ह्यात, जिथे शेतात उंदीर आहेत, जनावरे आहेत आणि चिखल आहे, तिथे ही गोष्ट दुर्लक्ष करण्यासारखी नाही.

क्लोरीनचे सामर्थ्य नेमके उलट आहे. जंतू आणि विषाणू यांच्यावर ते फार प्रभावी आहे, जिआर्डियावर सावकाश परिणाम करते आणि क्रिप्टोस्पोरिडियमवर पिण्याच्या पाण्यात चालेल अशा मात्रेत जवळजवळ काहीच करत नाही. गुरे चरतात तिथे क्रिप्टोस्पोरिडियम असण्याची शक्यता असतेच. म्हणून वाटेत पाणी भरायची वेळ आली तर आधी गाळणी आणि मग क्लोरीन असे दोन्ही करावे. एकाचे उणे दुसरे भरून काढते. उकळण्याने मात्र हे सर्व एकदमच साधते, म्हणून मुख्य भिस्त त्यावर ठेवण्याचा सल्ला मलाही पटतो.

गढूळपणाकडे विशेष लक्ष द्यावे. जुलैमध्ये तिकडच्या ओढ्यांना तांबडे पाणी असते. त्या मातीचे आणि कुजलेल्या पाल्याचे कण क्लोरीन खाऊन टाकतात, आणि जंतू कणांच्या आड सुरक्षित राहतात. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एनटीयूपर्यंत (गढूळपणा मोजण्याचे एकक) असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५ पर्यंत चालवून घ्यावा. ओढ्याचे तांबडे पाणी याच्या कितीतरी पलीकडे असते. असे पाणी गाळणीतही थेट ओतू नये, ती तासाभरात तुंबते. बादलीत तुरटीचा खडा काही वेळा फिरवून पाणी अर्धा-पाऊण तास हलवू नये, आणि वरचे निवळ पाणी सुती कापडाच्या तीन-चार पदरी घडीतून गाळून घ्यावे. आपल्या आज्या निवळीच्या बिया उगाळून हेच काम करत असत. तुरटी आणि निवळी यांनी गाळ बसतो, रोगजंतू मरत नाहीत, एवढे मुलांना स्पष्ट सांगावे.

कापडाच्या घडीला कमी लेखू नये, हेही नोंदवते. बांगलादेशातील खेड्यांत रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या साडीच्या अनेक पदरांतून पाणी गाळायला लावले, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. हे संशोधन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. पटकीचे जंतू पाण्यातील अतिसूक्ष्म प्राण्यांना चिकटून राहतात आणि ते प्राणी कापडात अडकतात, हे त्यामागचे कारण आहे. म्हणजे कापड सर्व जंतू अडवत नाही, परंतु पुढच्या प्रक्रियेवरचा भार पुष्कळ हलका करते.

क्लोरीनच्या गोळ्या घेताना पाकिटावरचा मजकूर वाचणे अनिवार्य आहे. काही गोळ्या एका लिटरसाठी असतात आणि काही वीस लिटरसाठी. दिसायला त्या सारख्याच असल्याने वीस लिटरची गोळी एका बाटलीत टाकली जाण्याचा धोका असतो. आशाताई पावसाळ्यात घरोघरी देतात ते द्रव क्लोरीनही चालते, त्याचीही मात्रा बाटलीवर लिहिलेली असते. कपडे पांढरे करण्याचे द्रावण मात्र पिण्याच्या पाण्यात कधीही वापरू नये, त्यात सुगंध आणि इतर द्रव्ये असतात. क्लोरीन टाकल्यावर पाणी हलवून किमान तीस मिनिटे थांबावे. बाटलीचे झाकण थोडे सैल करून बाटली उलटी करावी, म्हणजे आटे आणि तोंडाची कडही त्या पाण्याने धुऊन निघते. ओढ्यात बुडवलेल्या बाटलीच्या आट्यांत कच्चे पाणी राहते आणि नेमके तिथेच आपण ओठ लावतो.

आणखी एक बारकावा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. सरबताची पावडर, लिंबू किंवा संत्र्याच्या चवीची ग्लुकोज पावडर ही तीस मिनिटे पूर्ण झाल्यावरच घालावी. त्यातील क जीवनसत्त्व क्लोरीनला क्षणात निष्प्रभ करते. मुले वास येतो म्हणून गोळीबरोबरच सरबत घालतात आणि पाणी होते तसेच कच्चे राहते.

तांब्याच्या बाटलीबद्दल पालक विचारतील. तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील जंतू कमी होतात हे प्रयोगांनी दिसले आहे, परंतु त्यासाठी दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक अवधी लागतो. चालता चालता भरायच्या आणि तासाभरात प्यायच्या पाण्याला त्याचा उपयोग नाही. उन्हात बाटल्या ठेवून पाणी शुद्ध करण्याची पद्धत चांगली आहे, पण तिला सहा तास कडक ऊन हवे, आणि आषाढात मसाई पठारावर ते मिळणार नाही.

शेवटी आपल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या अनुभवाविषयी. त्यांचा अनुभव खोटा नाही. मात्र दूषित पाण्याचे काही आजार फार उशिरा प्रकट होतात. विषमज्वराला एक ते तीन आठवडे लागतात, हिपॅटायटिस ए ला पंधरा ते पन्नास दिवस आणि हिपॅटायटिस ई ला दोन ते आठ-नऊ आठवडे. भाद्रपदात कावीळ झालेल्या माणसाला आषाढातला झरा आठवत नाही, आणि तो झरा निर्दोष म्हणून पुढच्या गटाला दाखवला जातो. आपल्या जिल्ह्याने २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ पाहिली आहे. तो हिपॅटायटिस ई होता आणि तो पाण्यातूनच पसरला होता. विशेषतः गरोदर स्त्रियांना या आजाराचा धोका फार मोठा असतो. आपल्या गटातील एखाद्या शिक्षिका गरोदर असतील तर त्यांनी उकळलेल्या पाण्याखेरीज काहीही पिऊ नये.

शाहूवाडीचा_माणूस यांचे उत्तर :

सर, मी त्याच वाटेवरच्या एका वाडीचा आहे आणि आपल्यासारख्या गटांना दरवर्षी पाहतो. वर दोघांनीही पाणी पिणाऱ्यांच्या बाजूने लिहिले आहे. जे लोक वर्षभर ते पाणी पितात त्यांच्या बाजूने मला थोडे लिहायचे आहे.

आषाढात आमच्या वाटेवर एकेका दिवशी शेकडो माणसे चालतात. सकाळी प्रत्येकाला आडोसा लागतो आणि आडोसा नेमका झाडी असते तिथे, म्हणजे ओढ्याच्या आणि झऱ्याच्या काठाला मिळतो. ज्या झऱ्याचे पाणी आपली मुले शुद्ध करून पिणार, त्याच्या वरच्या अंगाला त्यांच्या आधी गेलेला गट बसून गेलेला असतो. तेच पाणी खाली आमच्या विहिरीला लागते. म्हणून कृपा करून मुलांना आधीच सांगावे की, मुक्कामाच्या ठिकाणी शाळेचे किंवा घराचे शौचालय विचारून वापरावे. रानात जाण्यावाचून गत्यंतर नसेल तर पाण्यापासून किमान साठ-सत्तर पावले दूर जावे, वीतभर खड्डा करावा आणि माती लोटून तो बुजवावा. जेवणाची भांडी झऱ्यात धुऊ नयेत. पाणी भांड्यात घेऊन लांब जाऊन धुवावीत. साबण कितीही सौम्य असला तरी तो झऱ्यात जाता कामा नये.

पाणी घेण्यापूर्वी विचारावे, ही दुसरी विनंती. कोणता झरा पिण्याचा, कोणता गुरांचा, कोणत्या विहिरीवर सध्या गाळ आला आहे, हे आमच्या बायकांना जितके ठाऊक असते तितके कोणत्याही नकाशात सापडणार नाही. विचारल्यावर कोणी नाही म्हणत नाही. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक असतो, पाण्याच्या टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकण्याचे काम त्याच्याकडे असते. आज पावडर टाकली आहे का, एवढे त्याला विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो. जिल्हा परिषदेकडून पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते आणि जोखमीप्रमाणे ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. आपल्या मुक्कामाच्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे फोनवर विचारून घेता येईल. मात्र हिरवे कार्ड असले तरी मुसळधार पावसात वीज नसते, टाकी भरलेली नसते आणि लोक थेट ओढ्यावर जातात, हेही ध्यानात ठेवावे आणि पाणी उकळावेच.

चाळीस माणसांचे पाणी आणि सरपण एका घरावर पडू देऊ नये, अशीही विनंती आहे. पावसाळ्यात आमच्याकडे पाणी उदंड असले तरी ते डोक्यावरून घरात आणावे लागते. आपली मुले घागरी घेऊन दोन खेपा करतील तर त्या घरातल्या आईला फार बरे वाटेल.

करवीर_शिक्षक :

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभारी आहे. मुक्कामी पाणी उकळण्याचे आमचे निश्चित झाले आहे, आणि घागरींची खेप मुलांकडून करवून घेईन, हा शब्द देतो. दोन शंका उरल्या आहेत. उकळलेले पाणी सकाळी चाळीस जणांना वाटताना ते पुन्हा दूषित होऊ नये यासाठी काय करावे? आणि एवढी काळजी घेऊनही एखाद्या मुलाला वाटेतच जुलाब सुरू झाले तर पहिल्या काही तासांत आम्ही काय करावे?

पाणी_परीक्षक :

सर, आपली पहिली शंका फार महत्त्वाची आहे. मोठ्या गटात उकळलेले पाणी बहुतेक वेळा वाटपातच बिघडते. मुले तांब्या, पेला किंवा स्वतःची बाटली थेट पातेल्यात बुडवतात आणि बोटे पाण्याला लागतात. यासाठी लांब दांड्याचे एकच ओगराळे ठेवावे, ते उकळत्या पाण्यातून काढावे आणि वाटपाचे काम दोनच व्यक्तींकडे द्यावे, ज्यांनी साबणाने हात धुतले आहेत. तोटी असलेले झाकणाचे भांडे मिळाले तर अधिक चांगले. बाटल्यांत आदल्या दिवशीचे कच्चे पाणी असेल तर त्या रिकाम्या करून उकळलेल्या पाण्याने खळखळून घ्याव्यात. शिवाय उकळलेल्या पाण्यात पुढे शिरणाऱ्या जंतूंना अटकाव करणारे काही नसते. ते पाणी दिवसभर पुरवायचे असल्याने पातेल्यातले पाणी निवल्यावर त्यात क्लोरीनही योग्य मात्रेत टाकले तर संध्याकाळपर्यंत संरक्षण राहते. भारतीय मानकात पाणी वापरण्याच्या ठिकाणी किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन शिल्लक असावे असे म्हटले आहे, ते याच कारणासाठी.

हात चोळायच्या द्रावणावर विसंबू नये. जुलाबाचे काही विषाणू आणि परजीवी त्याला दाद देत नाहीत. जेवणापूर्वी आणि शौचानंतर साबण आणि पाणीच हवे. वाटेवरच्या टपरीचा उकळता चहा निर्धोक असतो, पण पेला कोणत्या बादलीत विसळला जातो ते पाहावे. मुलांनी स्वतःचा पेला न्यावा. ताक आणि बर्फ घातलेले सरबत या दोन दिवसांत टाळलेले बरे.

जुलाब सुरू झाल्यास पहिले काम शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार परत देण्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेली ओआरएसची पाकिटे न्यावीत. पाकीट एक लिटरचे आहे की दोनशे मिलिलिटरचे, हे पाहून तेवढ्याच शुद्ध पाण्यात संपूर्ण पाकीट एकदम विरघळवावे. अर्धे पाकीट अंदाजाने घालू नये. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा, मोठा नव्हे. घोटघोट पाजत राहावे, उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. फळांच्या चवीची गोड पेये ही ओआरएसची जागा घेऊ शकत नाहीत, त्यांतील जास्त साखरेने जुलाब वाढतात. जुलाब थांबवणारी गोळी स्वतःहून देऊ नये. शौचात रक्त, तीव्र ताप, सतत उलट्या, सहा-आठ तास लघवी न होणे किंवा मूल सुस्तावणे, यांपैकी काहीही दिसले तर चालणे तिथेच थांबवून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. परतीची गाडी दुसऱ्या टोकाला उभी करण्याऐवजी पहिल्या दिवशी मुक्कामाच्या गावात ठेवता आली तर यासाठी उपयोगी पडेल.

आणि परतल्यावर पालकांना एक छोटी सूचना लेखी द्यावी : पुढील दोन महिन्यांत मुलाला ताप, भूक मंदावणे, डोळे पिवळे होणे किंवा लांबलेले जुलाब असे काही झाल्यास डॉक्टरांना या पदभ्रमंतीची तारीख सांगावी.

गडप्रेमी_भुदरगड :

या विषयात एक भर घालतो, कारण हा धागा वाचून काही जण हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात इतर गडांवरही जातील. रांगणा, भुदरगड, सामानगड येथे पाणी असते ते तलावांचे, विहिरींचे किंवा खडकात कोरलेल्या टाक्यांचे, म्हणजे साठलेले. तिथे पावसाळ्यातील हिशेब बदलतो. मार्चनंतर पाणी आटत जाते आणि जी काही घाण असते ती उरलेल्या पाण्यात दाट होते. भुदरगडावरच्या तलावाचे पाणी दुधट दिसते, ते मातीच्या अतिसूक्ष्म कणांमुळे, आणि ते कापडाने गाळून निवळत नाही. अशा ठिकाणी तुरटी आणि उकळणे यांना पर्याय नाही. पृष्ठभागावर हिरवट-निळसर, रंग सांडल्यासारखा तवंग दिसला तर ते पाणी घेऊच नये, कारण काही नीलहरित शैवाले विष तयार करतात आणि ते विष उकळल्यानेही जात नाही. टाक्यांत पोहणे आणि पाय धुणे बंद झाले पाहिजे, हे गडावर जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो.

सह्यवाट :

सर, एक शेवटची सूचना. पदभ्रमंतीपूर्वी आपण मार्ग पाहण्यासाठी जाणारच असाल, तर त्या वेळी पाणी तपासणीच्या एचटूएस बाटल्या सोबत न्याव्यात. ही पद्धत १९८२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच मांडली आणि ती अतिशय सोपी आहे. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती घरी उबदार जागी ठेवायची. २४ ते ४८ तासांत पाणी काळे झाले तर त्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची दाट शक्यता आहे असे समजावे. मुक्कामाच्या गावचा नळ, एखादी विहीर आणि ज्येष्ठ सहकाऱ्यांना प्रिय असलेला झरा, अशा तिन्ही ठिकाणचे नमुने घ्यावेत आणि त्या बाटल्या बैठकीत मेजावर ठेवाव्यात. पाणी काळे झाले नाही तरीही उकळणे सोडू नये, कारण एका दिवसाचा नमुना पुढच्या पावसानंतरच्या पाण्याविषयी काही सांगत नाही. ग्रामपंचायतीलाही निकाल अवश्य कळवावा, त्यांच्या जलसुरक्षकाला त्याचा उपयोग होईल.